वळूचा उन्हाळा आणि गाईचे वेत

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी भागाचा डांगी वळू मुसळधार पावसास पुरून उरतो. त्याच्या तेलकट कातडीवर पाणी ठरत नाही. उन्हाची झळ मात्र त्याच्याही बीजास बाधू शकते.

वळूचे वृषण देहाबाहेर असतात, ते सकारण. बीज नीट तयार होण्यास शरीराहून २ ते ६ अंश सेल्सियस कमी तपमान लागते. वृषण तापल्यास शुक्रजंतूंची संख्या व चपळता घटते आणि सदोष शुक्रजंतू वाढतात. उष्णता उन्हाची असो, ज्वराची असो वा वृषण तापविण्याइतक्या तीव्र रेडिओलहरींची असो, परिणाम हाच.

हे नुकसान तत्काळ दिसत नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात व पक्व होण्यास आणखी आठवडा-दीड आठवडा. म्हणून वैशाखात बिघडलेले बीज ज्येष्ठ-आषाढात बाहेर पडते. वळू धडधाकट दिसतो, पण गाई उलटतात. दोष गाईस दिला जातो व वेत लांबते.

यास्तव शेतकरी बंधूंनी उन्हाळ्यात वळू दाट सावलीत बांधावा, मुबलक गार पाणी पाजावे, वैरण सकाळ-संध्याकाळ घालावी व दुपारी त्यास कामास जुंपू नये. ज्वर येऊन गेलेल्या वळूवर दोन-अडीच महिने विसंबू नये. एकाच वळूकडून अनेक गाई उलटत असल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाईंबरोबर वळूचीही पशुवैद्यकाकडून तपासणी करवावी.