यंत्रमागावरील धाग्याचा पुरवठा आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा कोसा

प्रास्ताविक

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तथापि जंगल आणि त्या जंगलातील कोसा या दोन गोष्टी उभय जिल्ह्यांना समानच राहिल्या. ऐन व अर्जुन या वृक्षांची पाने खाऊन वाढणाऱ्या अँथेरिया मायलिट्टा या रेशीमकिड्याच्या कोशापासून टसर रेशीम मिळते. आरमोरी परिसरातील ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यानपिढ्या हे कोसापालन करीत आली आहेत. या धाग्याचे कापड आजही प्रामुख्याने हातमागावर विणले जाते. यंत्रमाग मिनिटाला शेकडो धागे टाकत असताना हा वन्य धागा त्यावर सहजासहजी का चालत नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर मागाच्या वेगापेक्षा मागाला होणाऱ्या धाग्याच्या पुरवठ्यात शोधावे लागते.

ताण्याचा पुरवठा

विणकामात ताणा आणि बाणा यांचा पुरवठा अगदी भिन्न रीतीने होतो. ताण्याचे हजारो धागे बीमवर एकत्र गुंडाळलेले असतात व ते अत्यंत सावकाश सुटतात. मिनिटाला 300 बाणे टाकणारा माग घेतला व कापडात दर सेंटिमीटरला 20 बाणे धरले, तर मिनिटाला 15 सें.मी. कापड तयार होते. विणीतील वळणांमुळे लागणारा जादा ताणा क्षणभर बाजूला ठेवल्यास, बीममधून तेवढाच ताणा सुटला पाहिजे. भरलेल्या बीमचा व्यास 60 सें.मी. असेल तर त्याचा परीघ सुमारे 188 सें.मी. होतो आणि एका फेऱ्यास साडेबारा मिनिटे लागतात. तेच बीम रिकामे होत 15 सें.मी. व्यासावर आले की फेरा सुमारे तीन मिनिटांतच पुरा व्हावा लागतो. म्हणजे कापडाचा वेग कायम ठेवायचा तर बीमचा वेग सतत बदलत राहिला पाहिजे.

साध्या यंत्रमागावर बीमच्या टोकाशी असलेल्या चकतीभोवती साखळी किंवा दोर गुंडाळून त्यास वजन टांगतात. विणताना ताणा बीमला ओढतो आणि घर्षण त्यास रोखून धरते. मात्र घर्षणाचा रोध तसाच राहून बीमची त्रिज्या घटली, तर धाग्यावरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. वरील उदाहरणात तो शेवटी चौपट होईल. म्हणून विणकराला अधूनमधून तरफेवरील वजन सरकवावे लागते. ते त्याला कोणत्याही मापकावाचून, ताण्यावर तळहात ठेवून कळते. पुढील काळातील यंत्रांनी हाच तळहात वेगवेगळ्या रूपांत बसविला, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरणार नाही. आधुनिक मागात ताणा मागील रुळावरून येतो. त्या रुळावर पडणारा दाब लोड सेल मोजतो आणि सर्व्हो मोटर बीमचा वेग क्षणोक्षणी कमी-अधिक करते. माग थांबून पुन्हा सुरू होताना कापडात दाट वा विरळ पट्टा उमटतो, तो टाळण्याचे कामही हीच यंत्रणा करते.

बाण्याचा पुरवठा

बाण्याची अडचण उलट स्वरूपाची आहे. ताणा सावकाश परंतु अखंड सुटतो. बाणा झटक्याने धावतो आणि थांबतो. धोट्यातील कांडी संपली की माग थांबवून ती बदलावी लागे. 1890 च्या दशकातील अमेरिकेतील नॉर्थ्रॉप मागाने आणि 1924 मध्ये जपानमधील साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागाने ही गरज दूर केली. पुढे धोट्याविना चालणारे माग आले. दीड मीटर रुंदीच्या आणि मिनिटाला 600 बाणे टाकणाऱ्या एअरजेट मागाला मिनिटास 900 मीटर धागा लागतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. इतक्या वेगाने धागा थेट कोनवरून ओढला, तर प्रत्येक झटक्यास तो तुटण्याचा संभव असतो. म्हणून मध्ये फीडर बसवितात. फीडरच्या पिंपावर धाग्याचे वेढे संथ व समान गतीने गुंडाळले जातात आणि माग त्यातून हवे तेव्हा हवे तेवढे उचलतो. वेढ्यांचा साठा कमी झाल्याची सूचना प्रकाशसंवेदक देतो व मोटर वेग वाढविते. एअरजेट मागात एक खीळ वेढे मोजून सोडते. पिंपाचा परीघ 50 सें.मी. असल्यास तीन वेढे सुटताच ती खाली येते.

कोशाच्या धाग्याचे वेगळेपण

या सर्व नियंत्रणामागे एक गृहीतक दडलेले आहे: धागा एकसारखा आहे. गिरणीच्या सुताबाबत ते बऱ्याच अंशी खरे असते. टसरच्या बाबतीत नसते. एकाच कोशाचा तंतू बाहेरील थरापासून आतील थरापर्यंत जाडीने बदलतो, आणि झाडावर उघड्यावर वाढलेले दोन कोसे कधीही सारखे नसतात. देशाच्या टसर पट्ट्यात स्त्रिया मांडीवर धागा वळत आल्या. त्या पद्धतीत पीळ व जाडी हाताच्या अंदाजावर अवलंबून राहते. लोड सेल हजारो धाग्यांचा एकत्रित ताण मोजतो. त्यातील एका धाग्याची कमजोर जागा त्याला दिसतच नाही. सरासरी अचूक राखूनही तो एक धागा तुटतो आणि माग थांबतो. भागलपूरसारख्या केंद्रांत ताण्यासाठी आयात केलेला, अधिक एकसारखा धागा वापरला गेला, त्याचे कारण येथेच सापडते. हातमागावर मात्र विणकर फणी मारतानाच धाग्याचा अंदाज घेतो. वेग कमी असल्याने त्याला हात आवरण्यास अवधी मिळतो. या हळूपणाला मागासलेपण समजण्याची आपल्याकडे सवय आहे, ती येथे तपासून पाहावी लागते.

विदर्भाची करवतकाठी साडी याचे अधिक बोलके उदाहरण होय. तिचे अंग टसरचे आणि काठ सुती असतो. काठाला करवतीसारखे दाते असतात. टसर सुतापेक्षा कितीतरी अधिक लांबतो. एकाच ताणाखाली दोन्ही ठेवले तर एक सैल पडेल व काठ चुणला जाईल. म्हणून दोहोंच्या ताणाचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग पडते. बाण्याचे तर तीन पुरवठे असतात. दोन काठांचे दोन धोटे आणि अंगाचा तिसरा. अंगाचा बाणा काठाच्या बाण्यात अडकवून परत फिरविला जातो. रॅपियर किंवा एअरजेट मागात बाणा या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो, मध्येच वळत नाही. परिणामी काठाचा रंग अंगात किंवा अंगाचा काठात उतरतो. फीडर कितीही अचूक असला तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती पुरवठ्याच्या मापाची नसून मार्गाची आहे.

ताण्याच्या तुटीवर मात्र उपाय संभवतो, आणि तो मागापाशी नसून कोसा उकलण्याच्या जागी आहे. ठरावीक संख्येने कोसे घेऊन एकाच वेळी त्यांचे तंतू ओढणारे रीलिंग यंत्र वापरल्यास एका कोशाची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेशी जुळून धागा पुष्कळसा सम होतो. कोसा संपताच त्या जागी दुसरा जोडण्याचे काम यंत्रावर बसलेल्या स्त्रीलाच करावे लागते. पुढे माग कोणताही असो, त्याला मिळणारा धागा कसा असेल हे तिथेच ठरते.