गरोदरपणात नशा : पोटातल्या बाळाचं काय होतं?

गांजा, कुत्ता गोळी, एक्स्टसी, एलएसडीचा कागद... हे शब्द आपल्या मोहल्ल्यांनाही आता नवे नाहीत. पोरांबद्दल आपण बोलतो तरी, पण गोष्ट सुनेची किंवा लेकीची निघाली की घरात सगळे गप्प. म्हणून आम्ही सरळच लिहितो.

आई जे घेते ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय घडतात ते मुख्यतः तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. तेव्हा तर अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं!

एलएसडीने गुणसूत्रं तुटतात, अशी भीती 1967 मध्ये अमेरिकेत पसरली होती. 1971 च्या आढाव्यात शुद्ध एलएसडीबाबत ती टिकली नाही. पण म्हणून ते सुरक्षित ठरत नाही, आणि बाजारातल्या कागदावर नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एक्स्टसीचा पुरावा जास्त स्पष्ट आहे. ब्रिटनमधल्या अभ्यासात, गरोदरपणी ती जास्त घेतलेल्या आयांची बाळं हालचालींच्या वाढीत मागे दिसली, चौथ्या महिन्यात आणि वर्षाची झाल्यावरही. पीसीपी घेतलेल्या आयांची नवजात बाळं थरथरणारी, चिडचिडी असल्याच्या नोंदी आहेत.

आपल्याकडे खरा प्रश्न गांज्याचा. ‘झाडपाल्याचंच तर आहे’ म्हणणारे भेटतात. पण त्याने बाळाचं वजन कमी भरण्याचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. त्यातला नशेचा घटक चरबीत साठतो, शेवटचा झुरका घेतल्यावर सहा दिवसांपर्यंत आईच्या दुधात सापडला आहे.

‘नशा हराम आहे, आमच्या घरात असलं नसतं’ असं म्हणून अम्मी किंवा सासूबाई डॉक्टरांपासून लपवतात. त्यात नुकसान बाळाचंच. बदनामीची भीती आम्हाला कळते, पण डॉक्टरांना खरं सांगितलं तरच ते बाळाची वाढ नीट तपासतील आणि जन्मानंतर लक्ष ठेवतील. कुत्ता गोळी किंवा ब्राऊन शुगरची सवय असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, त्यानेही आई-बाळाला धोका होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. बोलायला संकोच वाटत असेल तर सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन 14446 आहे. नवऱ्यानेही फोन केला तर चालतो.