कर्जतचा धक्का
पायथ्याची माणसं : लेखांक ५

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, फलाटावर बटाटेवड्यांच्या आरोळ्या सुरू होतात आणि त्या गडबडीत कधीतरी मागून एक मऊ धक्का बसतो. शेवटच्या डब्यातल्या नेहमीच्या प्रवाशाला मान वळवून बघावं लागत नाही. बँकर लागले, एवढं त्याला कळतं. ही मागची इंजिनं आता गाडीला खंडाळ्याकडे ढकलत नेणार.

त्यांची गरज का पडते? कर्जतच्या पुढे रूळ जिथे सर्वांत तीव्र चढतात, तिथे दर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. पायी चालणाऱ्याला तो जाणवणारही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं, आणि हजार टनांची गाडी सपाटीवर ओढायला दोन-तीन टनांचं बळ पुरतं. या चढावर त्यात आणखी २७ टनांची भर पडते, कारण गाडीचं स्वतःचं वजनच तिला मागे खेचू लागतं. सगळी ओढ पुढूनच लावली तर डब्यांच्या जोडांवर भलताच ताण येईल. एखादा जोड तुटला तर मागचे डबे उताराला लागतील. म्हणून निम्मा भार मागून उचलायचा.

हा चढ आखणाऱ्या माणसाचं नाव जेम्स जॉन बर्कले. आपल्या तालुक्यात ते फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि मला याची मनापासून खंत वाटते.

बर्कले १८१९ साली लंडनजवळच्या हॉलोवेत जन्मले आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून ते १८५० च्या आरंभी मुंबईत उतरले, तेव्हा वय होतं अवघं तीस. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली ती त्यांच्याच देखरेखीखाली. ती कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तिथे थांबत नाही.

खरा प्रश्न पुढे होता. कोकणात रूळ कितीही टाकले तरी देशावरचा कापूस आणि धान्य घाटमाथ्यावरच अडून राहणार होतं. कंपनीच्या सुरुवातीच्या बेतात तर माळशेज घाटाचा विचार होता. बर्कले यांनी तो बाजूला ठेवला आणि पुण्यासाठी बोर घाट, नाशिकसाठी थळ घाट असे दोन मार्ग धरले. त्या काळी मोठ्या चढावर माथ्याला स्थिर इंजिन बसवून दोराने डबे वर ओढण्याची पद्धत जगात होती. ती स्वस्त पडली असती, पण दर गाडी पायथ्याशी सोडायची, डबे ओढायचे, वर पुन्हा जोडायचे. बर्कले यांना एकच गाडी मुंबईहून निघून घाट चढून थेट जायला हवी होती.

मधल्या काळाची एक गंमत आपल्या खालापूरकरांनी लक्षात ठेवावी. १८५६ च्या मे महिन्यात रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच संपली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. म्हणजे पाच वर्षं मुंबईचा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढायचा आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचा. आज शेवटचं स्टेशन म्हणून शांत पडलेलं खोपोली तेव्हा दख्खनचं दार होतं.

घाटाची आखणी म्हणजे आधी पायपीट. पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत दऱ्या मोजायच्या, एक रेषा आखायची, ती खोडायची, पुन्हा आखायची. जुन्या रस्त्यावरच्या शिंग्रोबाच्या देवळापाशी अजूनही गाड्या थांबतात, नाणी पडतात. गोष्ट सांगतात की शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली. मी ती इतिहास म्हणून मांडत नाही. पण कड्यावरचं पाणी कुठून वाहतं आणि जनावरं कुठून चढतात हे इथल्या धनगर-ठाकरांना जितकं ठाऊक होतं, तितकं कुठल्याही दुर्बिणीला दिसणार नव्हतं. गोष्टीने नेमका तोच धागा जपला आहे.

आखणीतला माझ्या मते सर्वांत देखणा भाग होता रिव्हर्सिंग स्टेशन. चढता चढता रेषा अशा ठिकाणी पोचली, की पुढे कडा आणि वळण घ्यायला जागाच नाही. मग गाडी सरळ एका टोकाच्या सपाटीवर न्यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. थळ घाटातही हीच युक्ती वापरली गेली. बोर घाटातली ही सोय विजेची इंजिनं येईपर्यंत, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत कामाला आली.

काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं. जवळजवळ १६ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल. काळ्या पाषाणात पहारीने भोकं पाडायची, दारू ठासायची. काही ठिकाणी माणसं दोराने कड्यावरून खाली सोडून बोगद्याचं तोंड फोडावं लागलं. १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजार माणसं घाटात राबत होती. पटकी आणि तापाने किती गेली! मजुरी थकल्यामुळे १८५९ मध्ये दंगा झाला आणि पहिले ठेकेदार फॅव्हिएल यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच वारले. त्यांची पत्नी ॲलिस यांनी ठेका सोडला नाही, अभियंते नेमून काम पुरं करून दिलं.

बर्कले यांचा मला भावतो तो आणखी एक गुण म्हणजे ते सांगत राहिले. बॉम्बे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी १८५७ मध्ये बोर घाटावर आणि १८६० मध्ये थळ घाटावर निबंध वाचले. काम चालू असतानाच मोजमापांसह ते लोकांपुढे ठेवलं. जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदाराच्या कामाची त्यांनी उघड वाखाणणी केली.

२१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. बर्कले तो पाहायला नव्हते. तब्येत ढासळल्याने ते इंग्लंडला परतले होते आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी गेले. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा पूल कोसळला आणि त्याच्या दगडी कामातला कच्चेपणा उघडा पडला. आखणी मात्र टिकली.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं पारितोषिक ठेवलं गेलं. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या एका विद्यार्थ्याने ते मिळवलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या! खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे पुढे त्यांनीच बसवले.

ज्या उंचीशी बर्कले इतकी वर्षं झगडले, तीच उंची टाटांनी १९१५ मध्ये कामाला लावली. लोणावळ्याचं पाणी पाइपांतून खोपोलीत उतरलं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढच्या आठवड्यात खोपोलीच्या पॉवरहाऊसकडे जाऊ.