फ्लोरोसिस : दोष दाताचा की पाण्याचा?

फ्लोराइडची दीर्घकालीन विषबाधा, जिला वैद्यकशास्त्र फ्लोरोसिस म्हणते, ती मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षे शरीरात साठत जाते आणि म्हणूनच तिच्या लक्षणांचे खापर भलत्याच कारणांवर फोडले जाते. यवतमाळ-चंद्रपूरकडील बाधित गावांत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले की, मूल दात नीट घासत नाही, असे मानले जाते. वास्तविक हे डाग बाहेरून चढलेले नसून, वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत दाताचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, घडत असतानाच त्यात उतरलेले असतात, त्यामुळे मुलाला बोल लावणे सर्वथा अन्यायाचे ठरते.

याच्या उलट समज अधिक घातक आहे. दात स्वच्छ आहेत म्हणून फ्लोराइडची बाधा नाही, हे खरे नव्हे, कारण दात घडून झाल्यावर अशा गावी राहायला आलेल्यांना, उदाहरणार्थ लग्न होऊन आलेल्या स्त्रियांना, दात निष्कलंक असूनही अस्थि-फ्लोरोसिस होऊ शकतो. त्यात हाडे प्रमाणाबाहेर घट्ट होतात, सांधे बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांत कॅल्शियम साचते, मान आणि कंबर आखडते, मांडी घालून बसणे अवघड होते, आणि रोग बळावल्यास मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडतात. चाळिशीतल्या माणसाचे हे दुखणे ‘वात’ म्हणून सोडून देणे फार महागात पडते.

खोल बोअरचे पाणी नितळ असल्याने ते शुद्धच, ही समजूतही टिकत नाही. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते. ग्रॅनाइटसारख्या खडकांतील फ्लोराइट आणि ॲपेटाइट या खनिजांतून ते पाण्यात विरघळते, आणि पाणी अल्कधर्मी व कॅल्शियम कमी असलेले असेल, तर अधिकच विरघळते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून ते बरेच कमी करता येते.

हाडांत झालेला बिघाड औषधाने पूर्ववत होत नाही, परंतु पाणी बदलल्यास आणि आहारात कॅल्शियम व क जीवनसत्त्व पुरेसे असल्यास पुढची हानी रोखता येते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा असून, अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. मात्र एकाच गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो, त्यामुळे प्रत्येक स्रोताची तपासणी स्वतंत्रपणेच व्हायला हवी.