मुक्त सॉफ्टवेअरची उसनी जागा

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात २०१५ हे वर्ष विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात गूगलने २००६ पासून चालविलेली ‘गूगल कोड’ ही सेवा गुंडाळण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास ‘गिटोरियस’ ही दुसरी सेवा एका स्पर्धक कंपनीने विकत घेतली आणि लवकरच बंद केली. मे महिन्यात ‘सोर्सफोर्ज’ने तर कमालच केली. ‘गिम्प’ या लोकप्रिय चित्र-संपादन सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी वापरायचे सोडून दिलेले खाते त्या कंपनीने आपल्या ताब्यात घेतले आणि तेथून मिळणाऱ्या आवृत्तीला जाहिरातींचे शेपूट जोडले. पुढे टीका झाल्यावर हा प्रकार थांबला. या तिन्ही प्रसंगी संहितेचे स्वातंत्र्य कोणी हिरावून घेतले नव्हते. तरीही असंख्य कर्त्यांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन नवी जागा शोधावी लागली.

हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याचा अभ्यास करण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि ते इतरांना देण्याचे स्वातंत्र्य त्यांनी परवान्याच्या भाषेत कायद्याच्या चौकटीत बसविले. परंतु परवाना रक्षण करतो ते संहितेचे. ती संहिता ज्या जागी नांदते त्या जागेचे नव्हे. आणि एखादा प्रकल्प म्हणजे नुसती संहिता नसते. कोणता बदल कोणी व का केला याचा इतिहास, वापरणाऱ्यांनी कळविलेले दोष, त्यांवर झालेली चर्चा, चाचण्या घेणारी यंत्रे आणि तयार आवृत्ती वाटपाची व्यवस्था, एवढे सारे मिळून प्रकल्प होतो. हा संसार कोणाच्या तरी सर्व्हरवर मांडावा लागतो. तो कोणाचा, हा प्रश्न चळवळीने दीर्घकाळ दुय्यम मानला.

आरंभीच्या काळात विद्यापीठांची यंत्रे आणि कर्त्यांची पदरमोड यांवर काम भागत असे. नोव्हेंबर १९९९ मध्ये सोर्सफोर्जने ही सर्व सोय एका ठिकाणी फुकट देऊ केली, आणि प्रकल्पांची तेथे रीघ लागली. २००८ मध्ये आलेल्या ‘गिटहब’ने तीच गोष्ट अधिक सुबकपणे केली. ज्या ‘गिट’ या साधनावर गिटहब उभे आहे त्याचा जन्मच परावलंबनाच्या चटक्यातून झालेला आहे. लिनक्सचे कर्ते २००२ पासून ‘बिटकीपर’ या खाजगी मालकीच्या साधनावर विसंबून होते. २००५ साली त्या कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी थोड्याच काळात गिट रचले. गिटमध्ये सामान्यतः प्रत्येक कर्त्याजवळच्या प्रतीत प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास असतो. मध्यवर्ती सत्ताकेंद्राची त्याला गरजच नाही. असे विकेंद्रित साधन हाती आल्यावर जगाने काय केले? साऱ्या प्रती पुन्हा एकाच कंपनीच्या दारी नेऊन ठेवल्या. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी साडेसात अब्ज डॉलर्सना घेतली.

एकाच दाराचा धोका असा की, ते बंद करणे सोपे जाते. अमेरिकेच्या निर्बंध-कायद्यामुळे २०१९ साली इराण, सीरिया व क्रिमिया येथील कर्त्यांच्या गिटहबवरील खाजगी भांडारांवर टाच आली. इराणपुरती ती उठण्यास २०२१ उजाडले. आपल्याकडेही डिसेंबर २०१४ च्या अखेरीस सरकारी आदेशाने बत्तीस संकेतस्थळे अडविण्यात आल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांत गिटहब आणि सोर्सफोर्ज ही दोन्ही होती. पहिल्या प्रसंगी आदेश परक्या सरकारचा होता, दुसऱ्या प्रसंगी आपल्याच. कंपनीच्या हेतूंविषयी शंका न घेताही हे धोके दिसतात.

हा प्रश्न दूरदेशीच्या तज्ज्ञांपुरता आहे, असे मराठी वाचकाने समजू नये. लिनक्सवर देवनागरी अक्षरे दाखविण्यासाठी वर्षानुवर्षे वापरात असलेले ‘लोहित’ टंक हे रेड हॅट कंपनीच्या आश्रयाने वाढलेले मुक्त काम आहे. त्याचे बिऱ्हाड ‘फेडोरा होस्टेड’ या सेवेवर होते. २०१७ साली ती सेवा बंद झाली आणि लोहितला फेडोरा समुदायाच्याच ‘पागुर’ या नव्या जागेवर हलावे लागले. हे स्थलांतर सुखरूप झाले. कारण पूर्वसूचना मिळाली होती, जागा तयार होती, आणि मुख्य म्हणजे ते करणारे कोणी हजर होते. ज्या प्रकल्पांचे कर्ते पांगले आहेत, त्यांच्या दोषनोंदी व चर्चा अशा वेळी कायमच्या लुप्त होण्याची भीती असते.

यावर उपाय म्हणून समुदायाच्या मालकीच्या जागा उभ्या राहत आहेत. डेबियन व ग्नोम यांनी २०१८ साली आपापल्या सर्व्हरवर नवी व्यवस्था बसविली. बर्लिनमध्ये त्याच वर्षी ‘कोडबर्ग’ ही सभासदांची ना-नफा संस्था नोंदली गेली. वर्गणी सभासदांची, निर्णय सभासदांच्या मताने. कंपनीचे भाग विकत घ्यावेत तशी ही संस्था विकत घेता येत नाही. ती ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते ‘फोर्जेजो’ही मुक्त आहे. मूळचा ‘गिटी’ हा प्रकल्प एका कंपनीच्या छत्राखाली गेल्याचे पाहून २०२२ साली काही कर्त्यांनी ही वेगळी शाखा काढली. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला यातील तत्त्व निराळे समजावून देण्याची गरज नसावी.

परंतु सहकाराच्या अनुभवातून आपण हेही शिकलो आहोत की, केवळ हेतू शुद्ध असल्याने संस्था टिकत नाही. ओरेगॉन राज्य विद्यापीठाची ‘ओपन सोर्स लॅब’ २००३ पासून अनेक मुक्त प्रकल्पांना सर्व्हर पुरवीत आली आहे. २०२५ साली, अडीच लक्ष डॉलर्स न मिळाल्यास कारभार आटोपावा लागेल, असे तिला जाहीर करावे लागले. मदत आली आणि संकट टळले. पण ज्या कामांवर मोठमोठ्या कंपन्यांचा डोलारा उभा आहे, त्यांच्या आश्रयस्थानाला झोळी पसरावी लागावी, हे भूषणावह नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांच्या माऱ्याने अशा लहान सर्व्हरचा भार व खर्च वाढला आहे. उलट बाजूस, व्यापारी सेवा वेगवान आहे, सोयीची आहे, आणि गरीब विद्यार्थ्यालाही ती विनामूल्य मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून सर्वांनी एका रात्रीत स्थलांतर करावे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. मात्र प्रत्येक प्रकल्पाने संहितेची, तसेच दोषनोंदी व चर्चा यांची नियमित प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. फ्रान्समधील ‘इन्रिया’ या संशोधन संस्थेने २०१६ साली सुरू केलेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह जगभरच्या संहितांसाठी हे काम करीत आहे. चर्चांची काळजी मात्र ज्याची त्यालाच घ्यावी लागेल. दुसरे असे की, मुक्त सॉफ्टवेअरवर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी, त्यात पुण्या-मुंबईच्याही आल्या, या आश्रयस्थानांच्या खर्चाचा वाटा नियमितपणे उचलावा. दान म्हणून नव्हे, भाडे म्हणून. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी असा एखादा सर्व्हर स्वतः चालवून पाहिला, तर विद्यार्थ्यांना पुस्तकापलीकडचे शिक्षण मिळेल. केंद्र सरकारने शासकीय सॉफ्टवेअरची संहिता खुली करण्याचे धोरण २०१५ सालीच आखले आहे. त्या संहितेचे निवासस्थान सार्वजनिक मालकीचे असावे, हे ओघानेच येते.

स्वातंत्र्याची सनद हाती असणे ही मोठी गोष्ट आहे. पण ती ज्या छपराखाली ठेवायची, त्याच्या डागडुजीचा खर्च कोण करणार, हे ठरविल्यावाचून ती सुरक्षित राहत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने पहिले काम चार दशकांपूर्वी केले. दुसरे अद्याप अपुरे आहे.