माल आपला, बाजारही आपला हवा

रमजानचा महिना अर्ध्यावर आला की मुंब्रा-कौसा, ठाण्याचे राबोडी आणि कल्याणचा दूधनाका या भागांत तरावीहनंतर बाजाराला रंग चढतो. कोणी हातगाडीवर, कोणी लाकडी खाटेवर, तर कोणी जमिनीवर चादर अंथरून माल मांडतो. शेवया, खजूर, अत्तर, सुरमा, विणलेल्या टोप्या, बांगड्या, चपला, मुलांचे कुर्ते, दुपट्टे, बायकांच्या मॅक्सी, सर्व काही तेथे मिळते. चाँदरातीला तर पाय ठेवायला जागा नसते. ईद झाली की हेच विक्रेते पांगतात. कोणी आठवडी बाजार धरतो, कोणी पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा यात्रेत जातो, कोणी माघ पौर्णिमेला हाजी मलंगच्या पायथ्याशी दुकान लावतो.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. या बाजारांत विकला जाणारा माल कोठून येतो, कोणाच्या हातातून जातो, हे आम्ही रोज पाहतो. भिवंडीच्या मागावरचे कापड आणि मुंब्र्याच्या चाळीतली शिलाई मशीन यांच्यात अंतर थोडे आहे. पण चाळीतली भगिनी जी मॅक्सी शिवते, ती पीसवर मजुरी घेऊन शिवते. तो माल दोन-तीन हातांतून फिरतो आणि शेवटी तिच्याच इमारतीखाली विकायला येतो. बनवणारी तीच, विकणारा दुसरा आणि नफा तिसऱ्याचा! मजुरीकडून व्यापाराकडे जाण्याची सर्वांत जवळची वाट या छोट्या बाजारातूनच जाते, असे आमचे मत आहे. मात्र त्या वाटेवर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : हिशेब, माप आणि जागा.

बाजार दाखवा

मदिनेला हिजरत करून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांचे अन्सारी बंधू हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजार कोठे आहे एवढेच विचारले. बनू कैनुकाच्या बाजारात त्यांनी वाळलेले पनीर आणि तूप विकून सुरुवात केली. पुढे त्यांची गणना मदिनेच्या मोठ्या व्यापाऱ्यांत झाली. चादर अंथरून माल विकणे हे कमीपणाचे काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

आपल्या परिसराचा इतिहासही हेच सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे उल्लेख आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याहून बाहेर जाणाऱ्या कातड्याची आणि सुती कापडाची नोंद केली. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर उल्हासनगर पाहावे. १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्यापैकी अनेकांनी रस्त्यावर किरकोळ माल विकून संसार उभा केला. आज तेथील कापडाचा आणि फर्निचरचा बाजार दूरवर ओळखला जातो. सुरुवात लहान होती, पण त्यांनी बनवणे आणि विकणे या दोन्ही गोष्टी आपल्या हातात ठेवल्या.

मजुरी धरा, मग भाव सांगा

आपले कारीगर मेहनतीत कमी पडत नाहीत, हिशेबात कमी पडतात. एक उदाहरण घेऊ. समजा, एका मॅक्सीला ५० रुपये मीटरचे तीन मीटर कापड लागले, म्हणजे १५० रुपये. दोरा, लेस, बटण यांचे १५. शिलाईची मजुरी ४५. रिक्षाभाडे, पिशवी आणि जागेचा खर्च पीसमागे २०. एकूण २३० रुपये झाले.

आता शेजारचा विक्रेता २२५ ला देतो म्हणून तिनेही २२५ ला दिली. ती म्हणते, कापड-दोऱ्याचे १६५ गेले, ६० रुपये सुटले. पण त्यातून वरखर्चाचे २० वजा केले की ४० उरतात. म्हणजे शिलाईचे ४५ सुद्धा पुरते निघाले नाहीत. ती बाजारात चार तास उभी राहिली, ते फुकट. याला नफा कसे म्हणावे? हीच मॅक्सी २६० ला गेली तर मजुरी निघून वर ३० रुपये राहतात. तो खरा नफा.

दुसरी गोष्ट उरलेल्या मालाची. तिने ४० पीस शिवले आणि २६० च्या भावाने ३० विकले, तर ७,८०० रुपये आले. ४० पीसांच्या कापड-दोऱ्याला ६,६०० आणि वरखर्चाला ८०० गेले होते. हातात राहिले ४०० रुपये, आणि ४० पीसांच्या १,८०० रुपये मजुरीपैकी बाकीचे १,४०० त्या दहा पीसांत अडकून पडले. म्हणून पहिल्या खेपेला १५ पीसच शिवावेत. कोणता रंग आणि कोणते माप आधी गेले ते वहीत लिहावे आणि दुसरी खेप त्याप्रमाणे करावी. ईदनंतर उरलेला माल घरात ठेवून पुढच्या रमजानची वाट पाहू नये. कापडाची घडी पिवळी पडते, फॅशन बदलते. थोड्या कमी भावात काढून पैसा मोकळा करावा.

भाव कमी ठेवण्याचा हलाल मार्ग खरेदीत आहे. चार-पाच जणींनी एकत्र येऊन पूर्ण ताका घेतला तर किरकोळ भावापेक्षा मीटरमागे चार पैसे वाचतात. फेंट किंवा कटपीस वजनावर स्वस्त मिळतो, पण त्यात डाग आणि जोड असतात. तो उजेडात उलगडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

ओला भाग वर ठेवा

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला भाग ओला लागला. विक्रेता म्हणाला की पावसाने भिजले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले. ही हदीस आपण तकरीरीत अनेकदा ऐकतो. कापडाच्या धंद्यात तिचा अर्थ असा की, दागी माल दागी म्हणून विकावा आणि डाग असलेली बाजू घडीच्या आत लपवू नये.

मापाचेही तसेच. गज ३६ इंचांचा, म्हणजे ९१.४४ सेंटिमीटरचा. मीटर १०० सेंटिमीटरचा. मीटरचा भाव घेऊन गजाने मोजले तर प्रत्येक मीटरला साडेआठ सेंटिमीटरहून अधिक कापड ग्राहकाचे जाते. कुरआनात सूरह मुतफ्फिफीन माप मारणाऱ्यांवरच उतरली आहे. देशाच्या कायद्यातही हा गुन्हा आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली मीटरपट्टी आणि वजने वापरावीत.

'प्युअर कॉटन' सांगण्याआधी एक धागा जाळून पाहावा. सुताला जळलेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. रंग पक्का आहे म्हणण्याआधी पांढरा ओला रुमाल घासून पाहावा. या बाजारातला ग्राहक आपल्याच मोहल्ल्यातला असतो. फसलेला ग्राहक परत येत नाही आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

भांडवल कोठून आणावे

सरकारने १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना सुरू केली. तिचा पहिला हप्ता तेव्हा १०,००० रुपयांचा होता. २०२५ मध्ये तो १५,००० करण्यात आला. वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात ७ टक्के सवलत मिळते, तरी कर्ज व्याजाचेच आहे. जे सूद टाळू इच्छितात त्यांच्यासाठी शिरकत आणि मुदारबत हे जुने मार्ग मोकळे आहेत. एकाने कापड द्यावे, दुसऱ्याने शिवून विकावे आणि ठरलेल्या प्रमाणात नफा वाटावा. करार मात्र कागदावर, साक्षीदारांसमोर करावा. आमच्यासारख्या ठोक व्यापाऱ्यांनी वर्षात दोन-चार नव्या विक्रेत्यांना अशी भागी दिली तर आमचा माल खपेल आणि एक घरही उभे राहील.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी आहेत. शिंपी, चांभार, सुतार, लोहार, सोनार, टोपल्या विणणारे, खेळणी बनवणारे त्यात येतात. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आहे. ते अनुदान आहे, कर्ज नव्हे. आपल्या कारागिरांनी त्याची चौकशी जरूर करावी.

जागेचा हक्क

सर्वांत मोठा प्रश्न जागेचा. गाडी आली की माल उचलून पळायचे, यातच अनेकांचे आयुष्य जाते. पण पथविक्रेता अधिनियम, २०१४ हा कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यातील काही गोष्टी प्रत्येक विक्रेत्याने पाठ कराव्यात.

महानगरपालिकेने पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करून पात्र विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचे आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. हटवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. दंड भरून मागणी केल्यावर टिकाऊ माल कामाच्या दोन दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा असतो. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले हवेत. त्यांत एक तृतीयांश महिला आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावे असे कायदा म्हणतो. जेथे वर्षानुवर्षे बाजार भरतो त्याला कायद्यात 'नैसर्गिक बाजार' म्हटले आहे.

मात्र हा कायदा रेल्वेच्या जागेला लागू नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोड स्थानकातील चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांच्यापासून १०० मीटरच्या आत विक्रीला मनाई सांगितली. ठाणे, कल्याण, डोंबिवली स्थानकांबाहेर बसणाऱ्यांना याची झळ बसली. मशिदीच्या दारात भरणाऱ्या रमजानच्या बाजारालाही हा विषय लागू पडतो. म्हणून भांडत बसण्यापेक्षा आधीच पर्यायी मैदान किंवा रुंद रस्ता सुचवून लेखी अर्ज करणे शहाणपणाचे आहे.

हक्क मागताना रस्त्याचा हक्कही द्यावा लागतो. वाटेतला काटा बाजूला करणे हे आपल्याकडे इमानाचे अंग मानले आहे. मग रुग्णवाहिका अडेल अशी खाट लावणे कसे चालेल? पायी चालणाऱ्याला वाट ठेवावी, रात्री आपला कचरा आपण उचलावा. ज्या बाजाराबद्दल आसपासचे रहिवासी तक्रार करत नाहीत, तो बाजार टिकतो.

मोहल्ल्याने काय करावे

प्रत्येक मोहल्ल्यातील जमातने एक वही घालावी. घरात कोण काय बनवते, कोण कोठे बसून विकते, किती वर्षांपासून विकते, याची नोंद त्यात असावी. जुन्या पावत्या, दंडाच्या चिठ्ठ्या, जागेवरचे फोटो जपून ठेवावेत. सर्वेक्षणाच्या वेळी तोच पुरावा होतो. शाळेचे किंवा शादीखान्याचे आवार महिन्यातून एक दिवस फक्त बनवणाऱ्यांना द्यावे आणि पहिल्या दिवशी भाडे घेऊ नये. मुलांनी आईला क्यूआर कोड लावून द्यावा आणि संध्याकाळी खात्यात आलेली रक्कम वहीशी ताडून पाहावी.

पुढचा रमजान येण्यास अवकाश आहे. कापड आताच घ्यावे, अर्ज आताच करावा. चाँदरातीला धावपळ करून ना चांगला भाव मिळतो, ना जागा.