सप्तर्षीतला पळपुटा उपबटू

यूएस ७०८ हा हेलियमने समृद्ध, उष्ण उपबटू तारा सप्तर्षी तारकासमूहात, सुमारे २८,००० प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्या अंतरावरचा पराशय मिलिआर्कसेकंदाचा जेमतेम आठवा भाग भरतो, म्हणून २०१५ साली हे अंतर वर्णपटावरून काढले गेले: वर्णपटातून ताऱ्याचे तापमान आणि पृष्ठभागावरील गुरुत्व कळते, त्यावरून त्याचे मूळ तेज ठरते आणि दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की अंतर मिळते. अंतराचा हा अंदाज चुकला, तर आकाशातल्या निजगतीवरून काढलेला आडवा वेगही चुकेल, हा आक्षेप रास्तच आहे. पण आपल्यापासून दूर जाण्याचा वेग वर्णरेषांच्या सरकण्यातून थेट मोजता येतो, त्याला अंतर लागत नाही. तो एकटाच सेकंदाला ९०० किलोमीटरहून अधिक आहे! आकाशगंगेच्या गुरुत्वातून सुटायला तेवढा पुरेसा आहे.

मग त्याला भिरकावले कोणी? आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराने, असे आधी वाटत होते. निजगती हाती आल्यावर मार्ग मागे नेऊन पाहिला, तर तो केंद्रातून येत नाही, तबकडीतून येतो. शिवाय तारा स्वतःभोवती असामान्य वेगाने फिरतो. जवळच्या श्वेत बटू जोडीदाराने त्याला तसे फिरवले आणि त्या श्वेत बटूचा स्फोट होताच हा सुटला, हे स्पष्टीकरण मला सर्वांत सयुक्तिक वाटते, कारण मार्ग आणि फिरकी या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र बसतात.